मी रुपालीला काय बोलले

नगर, १० जानेवारी २०२५

मनकर्णाताई,

पत्र बघून रागावू नका. रागावायचंच असेल तर आधी वाचा आणि मग रागवा. अक्षर वेडंवाकडं आहे ते घाईमुळे नाही. सोमवारी माझं मानेचं ऑपरेशन झालं. व्यायाम शिकवायला येते ती मुलगी आज म्हणाली, "मावशी, बोटांना सवय लागली पाहिजे. रोज पानभर लिहा, काहीही लिहा." मी देवाचं नाव लिहायला घेतलं. चार ओळी झाल्या आणि पाचवीला तुमचं नाव उतरलं. मग म्हटलं, आता पत्रच लिहावं.

फोन का केला नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या थोरल्यानं माझा नंबर बंद करून ठेवलाय. माझा फोनही आता आमच्या हर्षलकडेच असतो. आणि कोर्टाच्या जिन्यात तुम्ही म्हणाला होतात, "आता तुमचा रस्ता तुमाला, आमचा आमाला." मी त्याला मान डोलावली होती. लेकाचा आणि सुनेचा संसार मोडला की विहिणींनी एकमेकींचं नाव टाकायचं असतं, असं मलाही वाटलं होतं. आता तुम्हाला विहीणबाई म्हणता येत नाही आणि दुसरं काय म्हणायचं ते कुणी शिकवलं नाही.

रुपाली तुमच्याकडे श्रीगोंद्याला गेली आणि त्या उन्हाळ्यात माझे हात बिघडले. ब्लाउजचे हूक लागेनात. कपबशी हातातून सुटायची. पेरू तोडायला गेले की देठ बोटांत राहायचा नाही. चालताना वाटायचं पायाखाली गादी आहे. मी म्हटलं वय झालं. आमचे हे म्हणाले, शिरा आखडल्या. शेवटी पाय लटपटून मोरीत पडले तेव्हा राहात्याहून इथं आणलं. डॉक्टरांनी फोटो बघितला. मानेच्या मणक्यातला पट्टा हाडासारखा कडक होऊन मज्जारज्जूवर दाबतोय म्हणाले. राहू दिलं तर दोन्ही पाय जातील.

ऑपरेशन चांगलं झालं असं सगळे म्हणतात. बोटांत जोर आलाय, ते तुम्ही बघताच आहात. एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी ह्यांना बाजूला नेऊन सांगितली. मज्जारज्जूभोवती पातळ पिशवी असते म्हणे आणि तिच्यात मेंदूतलं पाणी खेळत असतं. तो कडक पट्टा पिशवीला चिकटला होता. काढताना ती फाटली. टाके घातले, वरून ठिगळ लावलं. ह्यांनी मला एवढंच सांगितलं, "थोडं फाटलं हुतं, शिवलं." जणू पोतं शिवलं.

आज सकाळी उशी मागून ओली लागली. घाम असेल. जानेवारीत, नगरच्या थंडीत. मी कुणाला बोलले नाही.

दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड, खिडकीकडचा पलंग. उत्तरासाठी नाही, असंच लिहिलं. पत्र हे टाकतील. पाकिटावरचं नाव वाचून त्यांनी काही विचारलं नाही.

रुपाली कशी आहे हे मी विचारत नाहीये.

सुरेखा


नगर, १३ जानेवारी

मनकर्णाताई,

तो घाम नव्हता.

पंकजा नावाची सिस्टर आहे, तिनं उशीला हात लावला आणि विचारलं, "मावशी, हे कधीपासून?" मी म्हटलं, "आत्ताच." तिला ते पटलं नाही. डॉक्टर आले, पट्टी काढली, तर टाक्यांतून पाणी झिरपत होतं. स्वच्छ, नारळाच्या पाण्यासारखं. बाटलीत घेऊन तपासायला पाठवलं. मेंदूचंच निघालं. जन्मभर एवढं पाणी डोक्यात घेऊन फिरले आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी विचारलं, सगळं गेलं तर? डॉक्टर हसले. म्हणाले, शरीर रोज नवीन तयार करतं, पण भोक बुजेपर्यंत सांभाळायला हवं. जंतू आत शिरले तर मेंदूला ताप येतो, त्याची भीती.

तेव्हापासून काय चाललंय ते मला नीटसं कळत नाही. आधी म्हणाले, डोकं वर ठेवा म्हणजे मानेपाशी पाण्याचा जोर राहत नाही. पलंग वर केला. तसं डोकं असं दुखायला लागलं, जणू कुणी आतून केस ओढतंय. आडवं केलं की थांबतं. मग म्हणाले, थोडंसंच वर ठेवा. सकाळचे डॉक्टर वर करायला सांगतात, संध्याकाळचे खाली. दोघांचंही बरोबर आहे असं सिस्टर म्हणते. दोघांचं बरोबर कसं असेल?

टाके पुन्हा घातले आणि कमरेत एक बारीक नळी बसवली. तिच्यातून पाणी थेंब थेंब पिशवीत पडतं. मानेची जखम कोरडी राहावी म्हणून पाण्याला दुसरी वाट काढून दिली. मला उमजेना, तेव्हा आमचे हे म्हणाले, "अगं, चारी फुटली की आपन आदी पानी दुसरीकडं वळवतो, मग चिखल थापतो. तसंच हाय." तेवढं मात्र कळलं.

पिशवी ठरल्या उंचीवरच टांगायची. पलंग वर-खाली करायचा तर आधी सिस्टरनं नळीचा कॉक बंद करायचा, नाहीतर पाणी एकदम जाईल. तशी पाटीच लावलीय डोक्याशी. मी खोकायचं नाही, जोर करायचा नाही, शिंकायचंही नाही. शिंक कशी अडवतात, ताई?

हर्षल ऑपरेशनच्या आधीच पुण्याहून आलाय. उशाशी बसून कंपनीचं काम करतो. माझं तोंड पुसतो. तो वाईट नाही हो. तुम्हाला हे ऐकवणार नाही, ठाऊक आहे मला.

आणखी एक. कालपासून मला एकाची दोन दिसतात. दोन खिडक्या, दोन सिस्टर. पाण्याचा दाब उतरला की डोळ्याची नस थकते म्हणे. डॉक्टरांनी युक्ती सांगितली, एक डोळा तळहातानं झाका, खोटं असेल ते निघून जाईल. खरंच जातं. आत्ताही डावा डोळा झाकूनच लिहितेय. आडव्यानं पेन चालत नाही म्हणून पेन्सिल घेतलीय.

सुरेखा


१४ जानेवारी

ताई आज संक्रांत. भोगीच्या भाकरीला तीळ लावायचे राहून गेले. रुपालीला सांगा तीळ फडताळात वरच्या डब्यात आहेत. तिला म्हणावं आधी पाणी बंद कर सगळं वाहून चाललंय. दोन रुपाल्या आहेत इथं. एक म्हातारी आहे. ती रडतेय का. हर्षलला शाळेत सोडायचं कुणी. मी तिला काहीतरी बोलले. बोलायला नको होतं का. पलंग उंच आहे मी पडेन


नगर, १८ जानेवारी

मनकर्णाताई,

संक्रांतीच्या दिवशी तुम्हाला माझं एक पत्र गेलं, असं आमचे हे म्हणतात. मला लिहिल्याचं आठवत नाही. पांघरुणात घडी केलेला कागद सापडला तो त्यांनी पाकिटात घालून टाकला. त्यात काय लिहिलं होतं तेही त्यांनी बघितलं नाही. वेडंवाकडं असेल तर फाडून टाका.

काय झालं ते मला जसं सांगितलं तसं सांगते. दुपारी जेवण भरवायला पलंग वर केला गेला आणि नळीचा कॉक उघडाच राहिला. पाणी भराभर पिशवीत उतरलं. माझं डोकं फिरलं, मी बरळायला लागले, उलटी झाली. कॉक बंद करून मला सपाट झोपवलं. डोक्याचा फोटो काढला, आत रक्त आलं असेल म्हणून. नव्हतं आलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं.

पलंग कुणी वर केला? हर्षल म्हणतो, "आई, तूच म्हणालीस ना, पाठ अवघडली, वर कर." असेल. मी म्हणाले असेन. पाटी वाचूनही त्यानं सिस्टरला का विचारलं नाही, हे मात्र मी त्याला विचारलेलं नाही. त्याचं तोंड इतकं उतरलंय की विचारवत नाही.

खरं विचारायचं ते वेगळंच. काल पंकजा सिस्टर सलाईन बदलताना सहज बोलून गेली, "बरं झालं, त्या दिवशी तुमच्या सुनेनं हाक मारली." मी म्हटलं, "कुठली सून?" ती म्हणाली, "पिवळ्या ओढणीची. केवढ्यानं ओरडली!" मी संध्याकाळी हर्षलला विचारलं. तो म्हणाला, "कोणी आलं नव्हतं. शेजारच्या पेशंटची सून असेल." ह्यांना विचारलं, तर हे उठले आणि पाण्याची बाटली भरायला गेले. बाटली भरलेलीच होती.

ताई, मला रुपाली आठवतेय. पलंगाच्या डाव्या अंगाला उभी होती. तिनं माझ्या हाताला हात लावला, तो गार होता. काहीतरी सांगत होती आणि मी काहीतरी बोलले. काय बोलले ते मात्र गेलं. ती रडली एवढं राहिलंय.

डॉक्टर म्हणतात अशा वेळी माणसाला भास होतात. मग सिस्टरला पिवळी ओढणी कशी दिसली? आणि ती आलीच असेल, तर हर्षल का नाकारतो? कुणाचं खरं धरू? माझं तर मीच धरत नाही.

तुम्ही उत्तर देणार नाही. पण एवढं तरी कळवा, रुपाली आली होती का. नुसतं हो किंवा नाही लिहा.

सुरेखा


नगर, २४ जानेवारी

मनकर्णाताई,

नळी निघाली. आधी दिवसभर कॉक बंद करून ठेवला, मान ओली होते का ते बघायला. सगळे माझ्या उशीकडे बघत होते, मी सोडून. उशी कोरडी राहिली. मग काढली.

मध्ये ताप चढला होता. तेव्हा मी खरी घाबरले. डॉक्टरांनी हनुवटी छातीला लागते का ते बघायला मानेला हात घातला आणि मला वाटलं, संपलं. कमरेतलं पाणी पुन्हा तपासलं, स्वच्छ निघालं. ताप लघवीच्या नळीनं आला होता. गोळ्यांनी उतरला. आता मानेच्या मागं लिंबाएवढी मऊ फुगी आहे. तिच्यात तेच पाणी साठलंय म्हणे. शरीर जिरवून टाकेल, नाही जिरलं तर पुन्हा उघडावं लागेल. वाट बघायची. तिला हात लावायचा नाही असं सांगितलंय आणि माझा हात सारखा तिथंच जातो.

आता ऐका. तुमच्याकडून काही आलं नाही, म्हणून मी पडल्या पडल्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहिले. त्या दुपारी मला दोन रुपाल्या दिसत होत्या. मी म्हणत होते, एकाची दोन दिसतात ते हेच. पण काल अचानक आठवलं, मी डोळा झाकला होता. तळहात डोळ्यावर घट्ट धरला होता, मला माझ्या हाताचा डेटॉलचा वास आठवतो. डोळा झाकला तरी त्या दोघीच राहिल्या. आणि त्यातली एक नुसती रुपालीसारखी होती. तीच हनुवटी, तेच कपाळ, पण केस पिकलेले.

त्या तुम्ही होतात. होय ना?

मी ह्यांना कॉटजवळ बसवलं. म्हटलं, "माझी शपथ आहे, खरं सांगा. दोघी आल्या होत्या." हे नखानं कॉटचा रंग खरवडत बसले. मग म्हणाले, "व्हय. आल्त्या. मी खाली चहाच्या टपरीवर हुतो. मनकर्णाताईंनी पदर सावरला, मी हात जोडले. वर गेल्या."

"मग मला का नाही सांगितलं?"

"पोरानं सांगितलं, आईला तरास हुईल. नका बोलू म्हनला."

"आणि खाली आल्या तेव्हा?"

"रुपाली रडत हुती. लई रडत हुती. मला वाटलं, तू तिला काय बोललीस का काय."

बस. तेव्हापासून डॉक्टर विचारतात डोकं दुखतं का, मी नाही म्हणते. जे दुखतंय ते त्यांना कुठं दाखवू? ताई, तीन वर्षं ती पोर माझ्याजवळ राहिली. हर्षल पुण्याला, महिन्याला यायचा, मग दोन महिन्यांनी, मग सणाला. तिनं माझ्यापाशी कधी तक्रार केली नाही. आणि मी आजारात, शुद्ध नसताना तिला काय बोलले असेन? पोटात काय काय असतं माणसाच्या. कोर्टाच्या दिवसांत आमच्या घरात तिच्याबद्दल जे बोललं जायचं ते मी ऐकत बसायचे. त्यातलंच काही माझ्या तोंडून गेलं का?

वाईट असलं तरी कळवा. मला अंदाजानं जगता येत नाही.

सुरेखा


राहाता, ५ फेब्रुवारी

मनकर्णाताई,

घरी आले. गळ्याला कडक कॉलर आहे. फुगी अर्धी झालीय. एकाची दोन दिसणं थांबलं, फक्त लांबची विजेची तार अजून जोडीनं दिसते. काल माझे हूक मी लावले आणि एकटीच आरशापुढं हसले.

बागेत पेरूचा शेवटचा बहर चाललाय. व्यापाऱ्याच्या गाड्या येतात, हे माल भरून देतात. मी ओसरीत खुर्चीवर बसून बघते. मान वळत नाही, त्यामुळं समोरून जाईल तेवढंच जग.

हर्षल दर शनिवारी येतो. पूर्वी येत नव्हता. फोनवर रोज विचारतो, "उशी कोरडी आहे ना?" मी त्याला अजून काही बोलले नाही. तो खोटं बोलला हे मला कळलंय आणि मला कळलंय हे बहुतेक त्यालाही कळलंय. दोघं जेवायला बसतो आणि भाजीत मीठ कमी आहे का त्यावर बोलतो.

दार वाजलं की पोस्टमन वाटतो. तुम्ही गप्प आहात त्याचा अर्थ मी रोज नवा लावते. सकाळी वाटतं, मी इतकं वाईट बोलले की तुम्हाला लिहवत नाही. दुपारी वाटतं, पत्रं मिळालीच नसतील. तुम्ही त्या दिवशी मुद्दाम आलात, साठ किलोमीटर, सणाचा दिवस सोडून. ज्या बाईला आपला संबंध संपला म्हणालात, तिच्यासाठी. मग मी तुमच्या पोरीला रडवून पाठवलं असेल, तर तुम्ही गप्प बसलात हेही योग्यच.

हे शेवटचं. यापुढं नाही लिहिणार.

सुरेखा


श्रीगोंदा, ११ फेब्रुवारी

सुरेखाताई,

पत्रं सगळी मिळाली. संक्रांतीचं पन मिळालं. ते मी फाडलं न्हाई. मला लिवायची सवय न्हाई आनि काय लिवावं तेबी कळंना, म्हनून उशीर झाला. तुमाला वाईट वाटावं म्हनून गप बसले नव्हते.

रुपाली नगरला ब्यांकेत लागलीय, तुमाला ठाऊक नसंल. तुमचं पयलं पत्र आलं ते मी तिला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हनली, "आई, तू एस्टीनं ये, मी स्टँडवर थांबते. आपन दोघी जाऊ." तिला तुमाला भेटायचंच हुतं. तिचं एक काम हुतं तुमच्याकडं.

आमी वर आलो तवा तुमी पलंगावर उंच बसवलेल्या. हर्षलराव नव्हते, खाली औषधं आनायला गेल्ते. तुमी डोळ्यावर हात धरून आमच्याकडं बघत हुत्या. मला वाटलं वळख न्हाई लागली. पन तुमी म्हनल्या, "या मनकर्णाताई, बसा." रुपाली तुमच्या हाताला धरून म्हनली, "आत्या, माझं लग्न ठरलंय. दुसऱ्याच्या तोंडून कळायच्या आदी मी सांगावं म्हनून आले."

तुमी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं वळून काय म्हनल्या ते सांगते. शब्द न् शब्द ध्यानात हाय माझ्या. तुमी म्हनल्या, "मनकर्णाताई, पोराची नीट चौकशी केली का? घर बघू नका, पगार बघू नका. तो तिच्यासंगं बोलतो का तेवढं बघा. आपली पोर एकदा पोळलीय."

आपली पोर म्हनल्या तुमी. त्याला रडली ती.

तुमी तिला वाईट एक शब्द बोलल्या न्हाई. तुमच्या मालकांनी उगं जिवाला घोर लावला.

तेवढ्यात तुमाला उलटी झाली, डोळे फिरले, तशी रुपाली सिस्टरच्या नावानं वरडली. सिस्टरनं पळत येऊन तोटी बंद केली, तुमाला आडवं केलं. मी मागं वळले तर हर्षलराव दारात उभे. हातात औषधाची पिशवी. किती येळ उभे हुते कुनाला ठाऊक, पन त्यांनी ऐकलं हुतं. त्यांच्या तोंडाकडं बघून मला कळलं. बाहेर आल्यावर म्हनले, "मावशी, तुमी जा आता." वरडले न्हाईत. मला त्यांचा राग यावा म्हनून मीच वाट बघत हुते, पन त्या दिवशी न्हाई आला.

पोराचं नाव कल्याण. हितल्या कारखान्यात वजनकाट्यावर असतो. बायको वारलेली, मूलबाळ न्हाई. तुमी म्हनल्या तशी चौकशी केली. रुपालीला घरी सोडायला आला, तर आंगनात उभं राहून दोघं इतकं बोलत बसले की माझा चहा गार झाला. बोलतो.

दोन मार्चला, रविवारी, आमच्या दारातच लग्न हाय. मोजकी मानसं. तुमी यावं असं रुपालीचं म्हननं हाय. माझंबी हाय. मानेला झेपत असंल तरच या.

मनकर्णा


राहाता, १६ फेब्रुवारी

मनकर्णाताई,

तुमचं पत्र काल आलं. शनिवार होता. पोस्टमनकडून ते हर्षलनंच घेतलं. मी ओसरीत होते, तो फाटकातून पाकीट हातात घेऊन आला, मागचं नाव वाचत. मला वाटलं, आता खिशात घालतो. त्यानं ते न फोडता माझ्या मांडीवर ठेवलं आणि तिथंच उभा राहिला.

मी वाचलं. दोनदा वाचलं. मग रडले, म्हणजे रडायला लागले आणि डॉक्टरांनी जोर करायचा नाही म्हणून सांगितलंय ते आठवून थांबले.

हर्षल म्हणाला, "त्यांनी लिहिलं का, तू काय बोललीस ते?"

"हो."

"डॉक्टर म्हणाले होते आई, त्या वेळच्या बोलण्याला अर्थ नसतो. तू शुद्धीवर नव्हतीस."

"नव्हते."

"मग झालं तर."

मी म्हटलं, "आता आहे. आता डोकं ठिकाणावर आहे, मान कोरडी आहे, एकाचं एकच दिसतं. आणि आताही मी तेच म्हणेन."

तो पायरीवर बसला. माझी मान खाली जात नाही, म्हणून मला त्याचं डोकं दिसेना, फक्त लांब पसरलेल्या पायांतल्या चपला दिसत होत्या. तिथूनच बोलला. "पलंग मीच वर केला होता. तू काही सांगितलं नव्हतंस. तू जेवत नव्हतीस, मला वाटलं बसवलं तर जेवशील. फोन चालू होता, पाटीकडे लक्षच गेलं नाही. आणि औषधं घेऊन वर आलो तर रुपाली तुझा हात धरून उभी होती." मग थांबून म्हणाला, "तू तिला आपली पोर म्हणालीस. मला वाटलं, मग मी कोण?"

ताई, मी हात पुढं केला, तो हवेतच राहिला, कारण तो किती खाली बसलाय ते मला कळेना. मग त्यानंच डोकं वर केलं आणि माझा हात त्याच्या केसांना लागला. मी म्हटलं, "तू माझाच आहेस. म्हणून तर मला माहीत आहे, तिला कुठं लागलं ते." त्यानं हात बाजूला केला नाही.

जेवताना आमच्या ह्यांनी विचारलं, "जायचं का मग श्रीगोंद्याला?" मी हर्षलकडे बघितलं. तो भाकरी मोडत म्हणाला, "एस्टीत धक्के बसतील. मी सोडतो गाडीनं. मी आत येणार नाही. स्टँडवर थांबेन." ह्यांनी भाजी वाढली.

कुठल्या नात्यानं यायचं ते मला अजून उमगलेलं नाही. नवरीची पहिली सासू म्हणून मांडवात येणारी बाई मी कधी बघितली नाही. बायका कुजबुजतील. तुमच्या थोरल्याला आवडणार नाही. नव्या विहीणबाईंना तुम्ही माझी ओळख काय म्हणून करून देणार, त्याचा आधी विचार करून ठेवा. माझं तर डोकं चालत नाही. हे मेंदूच्या पाण्यामुळं नाही, मुळातच चालत नाही.

पण येते. डॉक्टरांना फोन करून विचारलं, ते म्हणाले, कॉलर काढायची नाही, मध्ये गाडी थांबवून पाय मोकळे करा आणि गर्दीत धक्का लागू देऊ नका. साडी साधीच नेसेन. फोटोत कॉलर दिसेल, त्याला इलाज नाही.

एक सांगून ठेवते. मला मागं कुठं कोपऱ्यात बसवू नका, लोक बघतील म्हणून. माझी मान वळत नाही. समोर असेल तेवढंच मला दिसतं. मला पुढं बसवा, रुपाली दिसेल अशी.

सुरेखा